पडद्यावरचा बाण रुग्णाला कळतो का? फिजिओथेरपीतला दृश्य फीडबॅक पारखताना

खांद्याच्या दुखण्यातून बरे होत असलेल्या माणसाला हात बाजूने वर उचलायला सांगितला आहे. खांद्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे 90 अंश. समोर स्क्रीन आहे आणि कॅमेरा हालचाल टिपतो आहे. हात 90 अंशांवर पोहोचतो, स्क्रीनवर हिरवा रंग येतो. शेजारी उभ्या फिजिओथेरपिस्टला मात्र दिसते की धड विरुद्ध बाजूला 15 अंश झुकले आहे. सॉफ्टवेअरने हाताचा कोन उभ्या रेषेपासून मोजला. धडापासून मोजला असता तर तो 75 अंशच भरला असता. जिथे सांधा कमी पडतो तिथे शरीर दुसऱ्याच भागाकडून काम करून घेते, याला फिजिओथेरपीत ट्रिक मूव्हमेंट म्हणतात. इथे यंत्राने त्या ट्रिकलाच शाबासकी दिली, आणि शाबासकी मिळालेली हालचाल माणूस पुन्हा पुन्हा करतो.

व्यायाम चालू असतानाच चूक-बरोबर दाखवणाऱ्या अशा चित्राला रिअल-टाइम दृश्य फीडबॅक म्हणतात. ते आरशासारखे स्वतःचे चित्र असेल, काड्यांची आकृती असेल, आदर्श हालचाल करणारी फिकट सावली असेल, लाल-हिरवा होणारा सांधा असेल किंवा नुसता एक बाण. ॲप बनवणारे सहसा एकाच प्रश्नावर अडतात: कॅमेरा किती अचूक आहे? तो प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण कॅमेऱ्याने अचूक ओळखलेली चूक रुग्णाला दिसली का, कळली का, त्याला ती सुधारता आली का आणि स्क्रीन बंद केल्यावर ती सुधारणा टिकली का, हे चार प्रश्न त्यापलीकडचे आहेत. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून केलेली पारख म्हणजे या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधणे. ती एकत्र कालवली की कुठे काय बिघडले ते कळत नाही, कारण प्रत्येक अपयशाचा उपाय निराळा असतो.

आधी यंत्राची बाजू

माणसांना बोलावण्याआधी तीन गोष्टी मोजून ठेवाव्यात.

पहिली, उशीर. सेकंदाला 30 चौकटी (फ्रेम) टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एक चौकट 33 मिलिसेकंदांची असते. सांधे ओळखायला एक-दोन चौकटी जातात, स्क्रीनवर दाखवायला आणखी एक. शिवाय आकृती थरथरू नये म्हणून बहुतेक जण शेवटच्या काही चौकटींची सरासरी घेतात. दहा चौकटींची साधी सरासरी घेतली तर चित्र साडेचार चौकटी, म्हणजे 150 मिलिसेकंद मागे पडते. सगळे मिळून पाव सेकंद सहज होतो. हात सेकंदाला 30 अंश वेगाने वर जात असेल, तर पाव सेकंदात तो साडेसात अंश पुढे गेलेला असतो. स्क्रीनवर 90 दिसते तेव्हा हात 97 वर असतो. रुग्ण मग हात खाली घेतो, चित्र पुन्हा उशिरा हलते, आणि हात वरखाली डुलत राहतो. पाहणाऱ्याला वाटते की रुग्णाचा स्नायूंवर ताबा नाही. दोष सरासरीच्या सूत्रात असतो.

हा उशीर मोजायला महागडे साधन लागत नाही. हात आणि स्क्रीन दोन्ही एकाच चित्रात येतील असा फोन ठेवून सेकंदाला 240 चौकटींच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. हात हलल्यापासून आकृती हलेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. प्रत्येक चौकट साधारण 4 मिलिसेकंदांची. असे दहा वेळा करून सर्वात मोठा आकडा लिहून ठेवावा. सरासरी आकड्यापेक्षा तोच जास्त कामाचा, कारण रुग्णाचा गोंधळ मधूनच होणाऱ्या मोठ्या उशिराने उडतो.

दुसरी गोष्ट, किती चूक चालवून घ्यायची याची मर्यादा, म्हणजे सूट. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन, हाताने लावून मोजतानाही साधारण 5 अंशांचा फरक पडतो, तर साध्या कॅमेऱ्याकडून 2 अंशांची शिस्त मागू नये. सेन्सरची चूक 5 अंश आणि सूट 3 अंश असेल, तर रुग्ण स्थिर असतानाही लाल दिवा लागेल. मर्यादेवर रंग लुकलुकू नये म्हणून चालू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा वेगळा ठेवतात: चूक 12 अंशांच्या पुढे गेली की लाल, 8 च्या आत आली की मगच हिरवा. एवढ्या एका बदलाने स्क्रीन शांत होते.

तिसरी, कॅमेऱ्याला मुळात काय दिसत नाही याची यादी. समोरून पाहणाऱ्या एका साध्या कॅमेऱ्याला गुडघा आत वळतो ते दिसते, पण स्क्वॉटमध्ये गुडघा किती वाकला ते नीट कळत नाही, कारण ती हालचाल कॅमेऱ्याच्या दिशेने होते. समोरचे अंतर मोजणारे (डेप्थ) कॅमेरे तिथे बरे पडतात. तरी हाताचे स्वतःच्या अक्षाभोवतीचे फिरणे, खुर्चीआड गेलेली मांडी, सैल कपडे, जमिनीवर झोपून केलेले व्यायाम आणि मदतीला पुढे आलेला फिजिओथेरपिस्टचा हात यांनी तेही चकतात. जो दोष यंत्राला दिसतच नाही, त्याबद्दल स्क्रीनने हिरवा रंग दाखवू नये. तिथे करडा रंग किंवा ‘दिसत नाही’ अशी खूण हवी. न दिसणे आणि बरोबर असणे यांना एकच रंग देणे ही या क्षेत्रातली सर्वात घातक चूक आहे.

चित्र कळते का

आता माणसांकडे. वापरणारे दोघे असतात हे विसरू नये. रुग्ण चित्र पाहतो. फिजिओथेरपिस्ट आज कोन किती, सूट किती, किती वेळा करायचे हे ठरवतो. एका रुग्णासाठी या गोष्टी भरायला पाच मिनिटे लागत असतील, तर वेळेच्या ओढाताणीत आकडे आहेत तसेच सोडले जातात आणि रुग्णाला दुसऱ्याच कुणाच्या मर्यादेवर लाल दिवा दिसतो. म्हणून त्याच्याही कामाची चाचणी घ्यावी: नवीन रुग्ण, तीन व्यायाम, घड्याळ लावून.

चित्र कळते की नाही हे तपासायची सोपी युक्ती अशी. रुग्णाला खुर्चीत बसवावे, काहीही करायला लावू नये. आधी टिपलेल्या आठ-दहा छोट्या चित्रफिती दाखवाव्यात आणि प्रत्येकीनंतर एकच प्रश्न विचारावा: ‘हे दिसल्यावर तुम्ही शरीराचा कुठला भाग कुठे न्याल?’ ‘बाण दिसतोय का’ असे विचारले तर सगळे हो म्हणतात. दिशा सांगायला लावली की खरे बाहेर येते. बसून सांगता आले पण करताना जमले नाही, तर अडचण ताकदीची, वेदनेची किंवा एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची आहे. बसूनही सांगता आले नाही, तर चित्रच चुकले.

बाणाचे उदाहरण घ्या. गुडघ्याशी आत वळलेला बाण काय सांगतो? ‘तुमचा गुडघा आत गेला आहे’ की ‘गुडघा आत घ्या’? काढणाऱ्याला यात शंका वाटत नाही, कारण त्याने तो काढलेला असतो. पाहणारे मात्र दोन्ही अर्थ घेतात. नियम एकच ठेवावा: बाण नेहमी जायची दिशा दाखवेल, झालेली चूक कधीच नाही. आणि तो ज्या भागाला हलवायचे तिथूनच सुरू व्हायला हवा. धड झुकले असेल तर बाण धडावर. हातावर काढला तर रुग्ण हात आणखी उंचावतो.

रंगाचेही तसेच. लाल सांधा म्हणजे चूक, असे बनवणाऱ्याला वाटते. दुखण्याने बेजार असलेल्या माणसाला लाल गुडघा म्हणजे इजा वाटू शकते, आणि तो घाबरून व्यायामच थांबवतो. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न ओळखू शकणारे लोक, विशेषतः पुरुष, चांगल्या संख्येने असतात. रंगासोबत आकार बदलावा, रेषा जाड व्हावी, खूण बदलावी. निळा-नारिंगी ही जोडी त्या मानाने बरी.

आरशाची बाजू बारकाईने तपासावी लागते. कॅमेऱ्यासमोर उभ्या माणसाला स्वतःचे चित्र आरशासारखे उलटे हवे असते. उजवा हात उचलला की स्क्रीनच्या उजवीकडचा हात हलावा. पण शिकवणारी आकृती समोरून दाखवली आणि ती आरशासारखी उलटलेली नसेल, तर रुग्ण चुकीची बाजू उचलतो. एकाच स्क्रीनवर स्वतःचे चित्र आरशासारखे आणि शिक्षकाची आकृती सरळ, असे मिश्रण झाले की गोंधळ हमखास.

अक्षरांचा आकार तर हिशेबानेच काढता येतो. सहज वाचता यावे म्हणून अक्षराने डोळ्याशी साधारण 20 मिनिटांचा, म्हणजे एक तृतीयांश अंशाचा कोन करायला हवा. अडीच मीटरवरून त्याची उंची 15 मिलिमीटर येते. फोनवर असे दोन-तीनच शब्द मावतील. कमी दिसणाऱ्यांसाठी ती दुप्पट धरा. खरे तर हालचाल चालू असताना वाक्य वाचायला लावूच नये. शब्द दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत दाखवावेत.

मानेचा विचारही इथेच करावा. पाठीवर झोपून कंबर उचलण्याच्या व्यायामात स्क्रीन पायाकडे असेल तर रुग्ण ती पाहायला मान उचलतो. पालथे झोपून करायच्या व्यायामात तर मान पूर्ण वळते. म्हणजे फीडबॅकच नवी चूक निर्माण करतो. अशा व्यायामांत स्क्रीन तिरकी डोक्यावर लावावी, नाहीतर दृश्याचा हट्ट सोडून आवाज वापरावा.

मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण डावा अर्धा भाग जणू नसतोच. अशा रुग्णासाठी डाव्या हाताची सूचना स्क्रीनच्या डाव्या कडेला ठेवली तर ती न दाखवल्यासारखीच. चाचणीत असा एकही रुग्ण नसेल तर हा दोष कधीच सापडणार नाही. धडधाकट तरुण स्वयंसेवकांवर केलेली चाचणी बटणे आणि अक्षरे तपासायला उपयोगी आहे. रुग्णांच्या जागी ती उभी राहत नाही.

चाचणी कशी मांडावी

समजा चार चित्रपद्धती तुलनेला आहेत: नुसता आरसा, रंगीत सांधे, बाण, आणि आदर्श सावली. त्यांना अनुक्रमे अ, ब, क, ड म्हणू. एकच माणूस चारही वापरणार असेल तर क्रमाचा परिणाम होतो. पुढच्या फेऱ्यांत तो शिकलेला असतो आणि थकलेलाही. म्हणून क्रम चार प्रकारे वाटावा: अ-ब-ड-क, ब-क-अ-ड, क-ड-ब-अ, ड-अ-क-ब. यात प्रत्येक पद्धत प्रत्येक स्थानावर एकदा येते आणि प्रत्येक जोडी एकापाठोपाठ एकदाच येते. सहभागींची संख्या चारच्या पटीत ठेवावी. प्रत्येक पद्धतीला आठ ते दहा आवर्तने आणि मध्ये निदान दोन-तीन मिनिटे बसून विश्रांती. चाचणीसाठी म्हणून रुग्णाच्या रोजच्या मात्रेपलीकडे एकूण आवर्तने जाऊ देऊ नयेत. सर्वात आधी काहीही न दाखवता पाच आवर्तने टिपावीत, नाहीतर सुधारणा कशाच्या तुलनेत झाली हे सांगता येत नाही.

किती माणसे? ‘पाच पुरेत’ असे सर्रास म्हटले जाते. वापर-चाचणीचे अभ्यासक नील्सन आणि लँडाउअर यांच्या 1993 च्या कामातून हा आकडा पसरला. त्यामागचे गणित असे: एखादी अडचण एका माणसाला जाणवण्याची शक्यता 31 टक्के असेल, तर पाच माणसांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे 84 टक्के होते. पण दहातल्या एकालाच जाणवणारी अडचण पाच माणसांत सापडण्याची शक्यता 41 टक्केच असते. पंधरा माणसे घेतली तर 79. पुनर्वसनात रुग्ण एकमेकांपासून इतके वेगळे असतात की दहातल्या एकाची अडचण ही किरकोळ बाब ठरत नाही. चित्र घडवताना पाच-पाचांच्या छोट्या फेऱ्या घ्याव्यात आणि पक्के झाल्यावर प्रत्येक प्रकारच्या रुग्णांतून वेगळा, मोठा गट.

सॉफ्टवेअर अर्धवट असताना एक जुनी युक्ती कामाला येते. पडद्याआड अनुभवी फिजिओथेरपिस्ट बसतो आणि चूक दिसताच बटण दाबून सूचना दाखवतो. त्यामुळे सेन्सरचे दोष बाजूला राहतात आणि फक्त चित्राची पारख होते. त्याच्या बोटालाही उशीर लागतो, तो मोजून ठेवावा. आणि स्क्रीन माणूस चालवत होता हे रुग्णाला नंतर सांगायलाच हवे.

‘मनात येईल ते बोलत राहा’ ही वापर-चाचणीतली नेहमीची पद्धत इथे अडते. बोलल्याने श्वासाची लय मोडते, लक्ष वाटले जाते आणि हालचालच बदलते. त्याऐवजी लगेच नंतर चित्रण दाखवून विचारावे: ‘इथे थांबलात, तेव्हा काय पाहत होतात?’ उशीर केला तर आठवण पुसट होते.

सुरक्षिततेची अट आधीच कागदावर हवी: वेदना 0 ते 10 च्या मापावर ठरलेल्या आकड्यापुढे गेली, चक्कर आली किंवा तोल गेला की चाचणी तिथेच बंद. तोल जाऊ शकेल अशा रुग्णाजवळ एक माणूस फक्त त्यासाठीच उभा असावा. त्याने नोंदी घेऊ नयेत.

काय मोजायचे

आयएसओ 9241-11 हे मानक वापरण्याजोगेपणाचे तीन भाग करते: काम साधले का, किती श्रमात साधले, आणि वापरणारा समाधानी आहे का. तिन्ही वेगवेगळे मोजावेत, कारण ते एकमेकांच्या उलट जाऊ शकतात. लोकांना सर्वात आवडलेले चित्र आणि हालचाल सर्वात सुधारणारे चित्र एकच असेल असे नाही.

काम साधले का यासाठी: चुकीच्या मर्यादेबाहेर गेलेला वेळ, सूचना दिसल्यापासून सुधारणा सुरू होईपर्यंतचा वेळ, आणि सुधारताना पलीकडे जाण्याचे प्रमाण. यासोबत दोन फिजिओथेरपिस्टनी चित्रण पाहून स्वतंत्र गुण द्यावेत. त्या चित्रणात स्क्रीन दिसू नये, म्हणजे कुठली पद्धत चालू होती हे त्यांना कळणार नाही. यंत्राच्याच आकड्यांनी यंत्राची परीक्षा घेतली तर सुरुवातीच्या उदाहरणातला 90 अंशांचा हात पूर्ण गुण घेऊन जाईल.

श्रमासाठी नासा-टीएलएक्स ही 1988 ची प्रश्नावली चालते. ती मानसिक ताण, शारीरिक ताण, घाई, कामगिरी, कष्ट आणि वैताग अशा सहा बाजू विचारते. मानसिक आणि शारीरिक आकडे वेगळे वाचावेत. व्यायाम दमवणारा असायलाच हवा. चित्र समजून घेणे दमवणारे असू नये. सहा आकड्यांची सरासरी काढली की नेमका हाच फरक हरवतो.

समाधानासाठी जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केलेली एसयूएस ही दहा वाक्यांची प्रश्नावली सर्वात रुळलेली. प्रत्येक वाक्याला 1 ते 5 गुण. विषम क्रमांकाच्या वाक्यांतून 1 वजा करायचा, सम क्रमांकांत 5 मधून गुण वजा करायचे, बेरजेला 2.5 ने गुणायचे. कुणी विषम वाक्यांना 4, 4, 5, 4, 4 आणि सम वाक्यांना 2, 2, 1, 3, 2 दिले, तर 16 अधिक 15 म्हणजे 31, आणि गुण 77.5. ही टक्केवारी नाही. बऱ्याच उत्पादनांची सरासरी साधारण 68 येते, तेव्हा 65 म्हणजे ‘चांगले पास’ असे समजू नये. सम वाक्ये नकारात्मक असतात आणि तिथे बरेच जण चुकून उलटे गुण देतात. कुणी दहाही वाक्यांना 5 दिले असतील तर हिशेबाने गुण 50 येतात, पण त्या माणसाला बहुधा ‘सगळे छान’ म्हणायचे असते. असा कागद दिसला की शेजारी बसून विचारावे. प्रश्नावली समोर धरणाराच ॲप बनवणारा असेल, तर रुग्ण भिडेखातर गुण वाढवतात. ते काम तिसऱ्याने करावे.

स्क्रीन बंद केल्यावर

चौथा प्रश्न, टिकले का, बहुतेक चाचण्यांत सुटतो, कारण त्यासाठी रुग्णाला पुन्हा यावे लागते. पण खरा निकाल तिथेच आहे. माणूस हालचाल कशी शिकतो याचे अभ्यासक साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी 1984 मध्ये मांडले की सततचा फीडबॅक सराव चालू असताना कामगिरी उंचावतो, पण माणूस त्याच्यावर टेकतो. आधार काढला की कामगिरी घसरते. विन्स्टीन आणि श्मिट यांच्या 1990 च्या प्रयोगांत दर वेळी फीडबॅक मिळालेल्यांपेक्षा निम्म्याच वेळा मिळालेल्यांना ती हालचाल नंतर चांगली लक्षात राहिली. हे प्रयोग हाताच्या सोप्या, ठरावीक हालचालींचे होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा रुग्णांना लावू नये. नव्याने शिकणाऱ्याला किंवा मेंदूला इजा झालेल्याला सुरुवातीला जास्त आधार लागू शकतो. दिशा मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्क्रीन चालू असताना सुधारणा दिसली म्हणजे रुग्ण शिकला असे होत नाही.

म्हणून चाचणीत दोन भेटी जास्त धराव्यात: एक दुसऱ्या दिवशी, एक आठवड्याने. दोन्हीत स्क्रीन बंद, आवर्तने पाच, आणि गुण देणारे तेच दोघे फिजिओथेरपिस्ट. पद्धतींच्या टिकाऊपणाची तुलना करायची असेल तर एका माणसाला एकच पद्धत द्यावी लागते. चारही वापरलेल्या माणसात काय कशामुळे टिकले हे वेगळे काढता येत नाही, आणि त्यामुळे या टप्प्याला माणसे जास्त लागतात.

फीडबॅक कमी करत नेण्याच्या पद्धतीही याच टप्प्यात ताडून पाहाव्यात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवर्तनाला, मग एक सोडून एक, मग फक्त दहा आवर्तनांच्या शेवटी एकदा. किंवा सूट हळूहळू वाढवावी, म्हणजे मोठी चूक झाली तरच स्क्रीन बोलेल आणि तिचे गप्प राहणे हेच ‘बरोबर’ ठरेल. दुसऱ्या पद्धतीत एक धोका आहे: गप्प स्क्रीनचा अर्थ रुग्णाला आधी समजावला नाही, तर त्याला ॲप बंद पडले असे वाटते. कोपऱ्यात एक छोटी, हळू श्वास घेतल्यासारखी लहान-मोठी होणारी खूण ठेवली की हा प्रश्न सुटतो.

नोंदी लिहिताना ‘बाण गोंधळात टाकतो’ एवढे लिहून बनवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्क्रीनवर काय होते, रुग्णाने काय केले, त्याने नंतर काय सांगितले आणि चार प्रश्नांपैकी तो कुठे अडला, एवढे एका ओळीत यावे: ‘स्क्वॉट, तिसरे आवर्तन, उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या दिशेचा बाण, रुग्णाने पूर्ण पाऊल बाहेर टाकले, म्हणाला, पाय रुंद करायला सांगितले असे वाटले, दिसले, कळले नाही.’ अशी ओळ वाचली की दुरुस्ती काय ते लगेच सुचते: पाऊल जागेवर आहे हे दाखवणारी स्थिर खूण तळाशी द्यायची आणि बाण मांडीपासून सुरू करायचा. दुरुस्त चित्र पाहायला मात्र नवीन माणसे बोलवावी लागतात, कारण जुन्यांना आता तो बाण काय म्हणतो हे आधीच ठाऊक असते.